बिल्ल्यावरची मुलगी

लातूरहून नांदेडला येताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला. कपाळावर भस्म, कडक इस्त्रीचा शर्ट आणि छातीवर वधू-वर परिचय मेळाव्यातला नंबराचा बिल्ला. मी खूण केल्यावर त्याने तो काढला, पण फेकला नाही. अंगठ्याने पुसत राहिला.

"जमलं का?" मी विचारलं.

"चहाच्या रांगेत एक पोरगी भेटली, भाऊ. शेळ्या पाळते म्हणली. म्या हसलो, तीबी हसली. नाव इचारणार, तेवढ्यात कार्यकर्ता आला. म्हणे, पोरीशी बोलायचं न्हाई, स्टेजवर जाऊन माहिती सांगा."

"मग?"

"समितीवाल्याला तिच्या बिल्ल्यावरचा नंबर सांगितला. तिच्या बापानं नोकरीवाला पायजे म्हणून कळवलं. तिला कुणी इचारलंच न्हाई."

मला संताप आला. मुलींशी सरळ, मोकळं बोलायला मला कॉलेजातल्या शिक्षकांनी शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. इथे मात्र मेळावेवाले परिचयासाठी मांडव घालून बोलायलाच बंदी करतात, आणि पोरं एकलकोंडी झाली म्हणून तक्रारही हेच करतात.

उतरताना तो म्हणाला, "नंबर ध्यानात हाय, भाऊ. पण उद्या बाजारात दिसली तर हाक काय मारू? सत्तेचाळीस?"