आईचं नाव यादीत

आमच्या घराला तेव्हा दार नव्हतं, नुसतं गोणपाट होतं. आई खाणीवर खडी फोडायची. आज मतदान केंद्रावर माझ्यापुढच्या मुलीनं आपलं नाव खणखणीत सांगितलं आणि मला ते गोणपाट आठवलं.

देश नवा होता, निवडणूक पहिलीच. मतदारयादी करणाऱ्या गुरुजींनी बाहेरून विचारलं, "बाई, नाव?"

परक्या पुरुषाला नाव सांगायची रीत नव्हती. "किसनाची आई लिहा," आई आतून माझ्या भावाचं नाव पुढे करत म्हणाली.

"तसं चालत नाही. किसनाचे बाबा, तुम्ही सांगा."

बाबा खाली बघत राहिले. बायकोचं नाव घ्यायची त्यांनाही लाज.

"अहो, सरकारनं मताचा हक्क दिलाय, घ्या की," गुरुजी म्हणाले.

शेवटी गुरुजींनी यादीतली आईची ओळ खोडली. मी घरातली पहिली पदवीधर, राज्यशास्त्र शिकलेली. पण त्या पहिल्या निवडणुकीची कोंडी मला अजून त्या अंगणातच दिसते. हक्क गोणपाटापर्यंत आला होता आणि आत तिघंही अडकलेली होती, आई, बाबा आणि रीत.

पुढच्या निवडणुकीआधी गुरुजी पुन्हा आले. बाबा घसा खाकरू लागले.

"तुमचं होईस्तोवर मतदान संपेल," आई म्हणाली. "लिहा गुरुजी, सखूबाई."

त्या वर्षी आईनं मत दिलं.