वीतभर पाऊल

गोरा साहेब जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी कन्हानच्या वाटेवरची त्याची संत्र्याची बाग साहेबाचीच म्हणवत होती. तिथल्या राखणदाराचं पाऊल वीतभर. तो फाटकाकडे निघाला की पोचेपर्यंत मृगबहाराची संत्री पिकून बाजारात जाई. कोंबडीनंही सहज ओलांडावा असा पाण्याचा पाट आला, तरी हा पाटावर टाकलेल्या फळीपर्यंत वळसा घेई.

एकदा पाट ओलांडता ओलांडता मी त्याला छेडलं, "काहून गा, पाय बांधले का कोणी तुहे?"

"माहे नाही भाऊ, बापाचे. साहेबानं ही बाग कैद्यांकडून खणून घेतली, बाप त्यातलाच. बेडी सुटली, पाऊल तेवढंच राहिलं. मी त्याच्याच मागं चालाले शिकलो."

एवढं सांगून तो फळीकडे वळला. माझा एक पाय पाटाच्या अलीकडे, एक पलीकडे. मी तसाच उभा राहिलो.