टॉवेलखालचा ब्राउझर

माझ्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या मलकापुरात नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याच क्लासात टायपिंग शिकलेला असणार. मी जुन्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग विकून वर आलो. समोरच्याला भावात घाम फोडल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. आणि हा गृहस्थ! मी बाजारात भांडभांडून टरबुजाचा भाव खाली आणावा, तर मागून यांनी टरबुजवाल्याला म्हणावं, "असू दे बापू, तू सांगतलं तेवढंच घे." त्या टरबुजाचा राग अजून माझ्या मनात आहे.

हात थरथरतात म्हणून त्यांनी माउस कपाटात कोंडला. त्यांच्या ब्राउझरात एक कळ दाबली की प्रत्येक बटणावर पिवळ्या चौकटीत एक अक्षर उमटतं. ते अक्षर दाबलं की बटण दाबलं जातं. बिल, बँक, तिकीट, सगळं ते असंच करत. मेहुणी वारल्यापासून त्यांची पुण्याची लेक "बाबा, चला" म्हणून मागे लागली होती. शेवटी ठरलं होतं, की स्वतःचे व्यवहार स्वतः जमतील तोवर बाबा इथं राहतील.

ती पाहणीला यायच्या आदल्याच दिवशी ब्राउझरनं आपणहून नवं रूप घेतलं आणि सगळी अक्षरं एकेक घर खाली घसरली. 'रद्द करा'चं अक्षर 'बिल भरा'वर जाऊन बसलं. साडू बिल भरायला जात आणि रद्द करून येत. मी दुरुस्तीवाल्याशी तावातावानं भांडून आलो. तो म्हणाला, "कंपनी सुधारंल तवा सुधारंल, काका."

"तुम्ही काऊन तापून राह्यले?" साडू म्हणाले. "कळा बरोबर हायेत. चित्रच चुकून राह्यलं."

क्लासात पोरांनी कळांकडे पाहू नये म्हणून ते त्यांच्या हातांवर फडकं टाकत. दुसऱ्या दिवशी लेकीसमोर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून थेट पडद्यावर टाकला, डोळे मिटले आणि पाठ असलेल्या कळा एकामागून एक दाबल्या. लेक माझ्याकडे पाहू लागली. मी छताकडे पाहत होतो. तेवढ्यात मोबाइल वाजला: बिल भरलं गेलं.

"बाबा, हे काय सर्कशीसारखं!" ती हसता हसता म्हणाली, आणि मग ओढणीनं डोळे पुसत तिनं हार मानली.

संध्याकाळी स्टेशनावर तिला गाडीत बसवलं. गाडी दिसेनाशी झाली तरी साडू रुळांकडेच बघत होते.

"जिकलो ना, साडूभाऊ?" त्यांनी विचारलं.

"हाव. जिकले," मी म्हणालो.

"मंग मले घरी जावं काऊन वाटून नाही राह्यलं?"

मी दोन चहा सांगितले. बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली, आणि पुढची गाडी येऊन जाईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो.