आत्यांचं वर

पुण्याला परत जायचं की गावी, आळ्यालाच राहायचं, हे आम्ही नवरा-बायकोने शेवटी रणगाड्यांवर सोपवलं. ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल, पण सहा महिने भांडून आमच्या तोंडाला फेस आला होता. दोघांचंही काम घरून चालायचं. त्याला त्याच्या गावातच राहायचं होतं. मला पुण्यात स्वतःचं दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं. आळ्यात आमचं दार दिवसभर सताड उघडं, आणि मी मीटिंगमध्ये असले तरी कोणीतरी डोकावून विचारणार, "झालं का जेवण?" पुण्याच्या घरमालकाला रविवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं.

कॉलेजात आमची ओळखच कॉम्प्युटरवरच्या ह्या रणगाड्यांच्या खेळावरून झाली होती. दोघांनी एकेका रणगाड्याचा प्रोग्राम लिहायचा. कधी पळायचं, कुठे बघायचं, गोळा कधी टाकायचा, सगळं आधीच लिहून ठेवायचं. लढत सुरू झाली की हात लावायचा नाही, चौकोनी मैदानात रणगाडे आपले आपण लढणार. रोज दुपारी एकच लढत, अशा पाच लढती, मध्ये प्रोग्राम सुधारायला मोकळीक. जिंकेल त्याचं ऐकायचं, आणि हरलेल्याने तोंड पाडायचं नाही. ही शेवटची अट त्याने माझ्यासाठीच घातली होती.

लॅपटॉप पडवीतल्या टेबलावर. माझ्या डाव्या हाताला ओट्यावर सासूबाई लसूण निवडत बसायच्या. मी त्यांना आत्या म्हणते. पैज काय आहे ते त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्या "बरं" एवढंच म्हणाल्या आणि पडद्याकडे बघून विचारलं, "ह्यातला तुजा ढेकूण कंचा?"

माझा ढेकूण निळा. पहिल्या दिवशी तो इतका शहाणपणाने वागला की समोरचा नेमका कुठे आहे ह्याचा विचार करता करता जागेवरच मेला. नवऱ्याने स्वतःच्या लाल रणगाड्याचं नाव बिबट्या ठेवलं होतं, कारण तो उसात बसल्यासारखा कडेला दबा धरून असायचा. दुसऱ्या दिवशी मी माझ्या गड्याला नुसतं गोल गोल पळवलं आणि जिंकले. तिसऱ्या दिवशी मी पुढे कुठे पोचणार ते ओळखून बिबट्या तिथेच गोळा टाकायला लागला. नवरा शीळ घालत गोठ्याकडे गेला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

तेव्हा आत्यांनी तोंड उघडलं. "कोंबडी धरलीस का कदी? पळता पळता ती मधीच थांबती. आपला हात ऱ्हातो पुढं, ती मागंच." मी प्रोग्राममध्ये मधूनच, काही कारण नसताना थांबणं घातलं. चौथ्या दिवशी बिबट्याचे सगळे गोळे मोकळ्या जागेत पडले. दोन-दोन.

त्याच दुपारी नवरा उठून गेल्यावर आत्या हळूच म्हणाल्या, "त्यो वरनं येतो बघ. चारी दिवस बघतीय मी. वर दबा धरतो आन् खाली उतरतो. तू वर तोंड करून ऱ्हा." मी सगळा वेळ माझ्याच ढेकणाकडे बघत बसलेली, मला हे दिसलंच नव्हतं. पुन्हा तपासून बघावं एवढीही अक्कल सुचली नाही. कोंबडीपासून माझा आत्यांवर लई विश्वास बसला होता.

शेवटच्या लढतीत माझा निळा गडी मैदानात उतरला, त्याने तोफ पडद्याच्या वरच्या कडेला रोखली आणि तिथल्या रिकाम्या भिंतीवर डोळ्यांत तेल घालून पहारा देत बसला. बिबट्या डावीकडून आला. दोन गोळ्यांत खेळ खलास.

"आत्या, तुम्ही वर म्हणालात ना?" मी जवळजवळ ओरडलेच.

"वरच व्हता की," म्हणत त्यांनी लसणाचा हात डोंगराकडे केला.

नवरा हसून हसून खुर्चीवरून घसरला. इथे पाणी येतं डोंगराकडून, म्हणजे पश्चिमेकडून. म्हणून पश्चिम ती वर आणि पूर्व ती खाली. मी बसायचे उत्तरेला तोंड करून, त्यामुळे आत्यांचं वर माझ्या डाव्या हाताला होतं. दोन वर्षं मी "वर जुन्नरला गेलाय" ऐकत होते, पण एवढी शिकलेली मी, माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

मलाही हसू फुटलं, आणि मधेच थांबलं.

"आत्या, मला नीट कळलं असतं तर मी जिंकले असते. आम्ही निघून गेलो असतो."

"मला काय ठावं न्हाई व्हय?"

"मग सांगितलंत कशाला?"

त्यांनी हातातली पाकळी आधी सोलून टाकली. "हारलेल्या बाईला कोंडून नांदवायची का? जायाचं तर जा. ऱ्हायाचं तर आपल्या मनानं ऱ्हा."

मला रडू आलं, सरळ सांगते. नवरा गपचूप खुर्ची सरळ करत बसला.

घरमालकाला फोन मीच केला आणि येत नाही म्हणून कळवलं. मग नवऱ्याला सांगितलं, "खोलीला आतून कडी बसवून दे."

"हरलीस म्हणून राहू नकोस हं," तो म्हणाला.

"हरले म्हणून नाही."

"मग?"

मी वर बघितलं. आमच्याकडचं वर, डाव्या हाताला, जिथे आत्या लसूण निवडत होत्या.