लखीराम आडे अधिष्ठाता आणायला जातो

"आमचे आजे बैलाच्या पाठीवर मीठ वाहत होते, मी डॉक्टर वाहून राह्यलो," अशी लखीराम आडे नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देतो. वर लगेच जोडतो, "मीठ तरी मुक्कामाले राहत होतं."

लखीराम आमच्या विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचा ड्रायव्हर. आधी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाचा ट्रक चालवायचा. वय पन्नाशीच्या आसपास, मिशी काळी केलेली, शर्ट पांढरा. गाडीत कोणी साहेब बसला की त्याची मान जराही मागे वळत नाही, पण कान पूर्ण मागेच असतात.

आमचं विद्यापीठ दिग्रसहून आर्णीकडे जाताना रस्त्याला लागून आहे. मेडिकल कॉलेज, नर्सिंग कॉलेज आणि त्यांना जोडलेलं हॉस्पिटल, एवढ्या सगळ्याचा मिळून एक प्रमुख असतो, अधिष्ठाता. आधीचे अधिष्ठाते मुलाकडे हैदराबादला गेले आणि खुर्ची रिकामी पडली. मोठा अनुभव असलेला माणूस हवा, पगारही बरा, पण इकडे यायला कोणी तयार नाही. आणि अधिष्ठाता नसला की नुसती खुर्ची अडत नाही. नवीन काही सुरू करायचं तर परवानगीसाठी तपासणी होते, आणि तपासणीचं पथक पहिला प्रश्न विचारतं, पूर्णवेळ प्रमुख कोण? त्या एका प्रश्नापाशी आमचा डायलिसिस विभाग थांबलेला होता. मशीन आलेल्या, पाण्याचा प्लांट बसलेला. मी तिथली बायोमेडिकल इंजिनिअर. मशीन बसून राहिल्या तर बिघडतात, म्हणून मी दर आठवड्याला त्या सुरू करते, आतून जंतुनाशक फिरवते, अलार्म तपासते आणि एकाही माणसाचं रक्त त्यांतून न जाता पुन्हा बंद करते.

लखीरामची बायको जमनाबाई. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा तिला यवतमाळला डायलिसिसला न्यावं लागतं. पहाटेची एसटी, दवाखान्यात ताटकळणं, मशीनवर चार तास, मग परतीची एसटी, आणि शेवटी फाट्यावरून त्यांच्या बंजारा तांड्यापर्यंत चालत. डायलिसिस झालेल्या माणसाला उभं राहणंही जड जातं. फाट्यावर ती दगडावर बसून राहते आणि म्हणते, "तुमी व्हा पुढं, मी येतो मांगून." तांडा आमच्या हॉस्पिटलपासून सायकलच्या अंतरावर आहे.

म्हणजे अधिष्ठाता मिळणं ही आमच्यासाठी ऑफिसची गोष्ट होती. लखीरामसाठी घरची होती.

उमेदवारांना नागपूरच्या विमानतळावरून आणायचं आणि परत सोडायचं हे त्याचं काम. सोबत कोणीतरी बोलायला हवं म्हणून कुलसचिवांनी मला दिलं. "वैष्णवी, तू उत्साही आहेस," ते म्हणाले. बाकी कोणी तयार नव्हतं, असा त्याचा अर्थ. त्या प्रवासांत लखीरामनं मला उमेदवार ओळखायला शिकवलं.

"इंजिनिअर ताई, हे पोरगी पाहाले आल्यासारखं आहे. पोहे खातात, घर पाह्यतात, अन् कळवतो म्हणतात. ज्यानं शाळा कोणती म्हणून विचारलं, थो येत नाही. ज्याची बायको सोबत आली, त्याचं तर यवतमाळ लागाच्या आधीच ठरते."

"आणि ज्याच्या बायकोनं मॉल कुठे आहे विचारलं तो?"

"तिले मी मार्केट यार्ड दाखवलं ना! म्हटलं, याच्याहून मोठं आपल्याकडं काही नाही."

तीन उमेदवार असे येऊन गेले. तिघांनीही कळवतो म्हटलं होतं. चौथ्या आल्या डॉ. नलिनी हुद्दार.

या मॅडम मूळच्या नागपूरच्या. दिल्लीत एका मोठ्या संस्थेत तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवून, नंतर तिथलाच कारभार सांभाळून निवृत्त झालेल्या. एकट्याच आल्या, बॅग स्वतःच उचलली आणि गाडीत बसल्या बसल्या लखीरामला विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

असं कोणी विचारत नाही. लखीरामनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग सगळं सांगितलं, जमनाबाईचं, एसटीचं, फाट्यावरच्या दगडाचं.

"आणि तुमच्याकडे मशीन आहेत म्हणता?" मॅडमनी मला विचारलं.

मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नावानं दार उघडेल. मग ते काही अवघड नाही."

लखीरामनं त्या क्षणी गाडीचा वेग कमी केला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मुलाखत झाली. चांगली झाली. मॅडमनी समितीलाच प्रश्न विचारले, हॉस्पिटलभर पायपीट केली, माझ्या मशीन सुरू करायला लावून बघितल्या. कुलसचिव बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनंतर रंग होता. "उद्या सकाळी निघण्याआधी होकाराचं पत्र देते म्हणाल्या," त्यांनी मला हळूच सांगितलं. ते ऐकताना लखीराम गाडीची काच पुसत होता. एकच काच, पुन्हा पुन्हा.

दुपार उतरल्यावर तो मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. "मॅडम, आमच्या घरी चहा घ्या. गेलो की आलो."

मॅडम लगेच उठल्या. त्यांनाही कॅम्पसच्या बाहेरचं बघायचं होतं.

लखीरामच्या मनात एवढंच होतं की मॅडमनी जमनाबाईला एकदा डोळ्यांनी बघावं. नाव आणि चेहरा जोडला गेला की माणूस फिरत नाही, असं त्याला वाटत होतं. पण तांड्यात मोठा पाहुणा एकाच घराचा नसतो. तो आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर जातो, मग ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे. नायकाला न सांगता पाहुणा आणणं म्हणजे नायकाचा अपमान, आणि लखीरामनं तर मुलाखतीच्या सकाळीच धावजी नायकाला फोन करून ठेवला होता, हॉस्पिटलच्या नव्या मोठ्या डॉक्टर बाई येतील म्हणून. धावजी नायकानं नायकासारखंच केलं. घराघरात निरोप दिला.

आम्ही पोचलो तेव्हा सेवालाल महाराजांच्या देवळासमोरच्या लिंबाखाली सतरंजी अंथरलेली होती आणि सगळा तांडा बसलेला होता. हातात एक्स-रेच्या पिशव्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, कोणाच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं. म्हातारी मोतीबाई सगळ्यात पुढे, एका डोळ्यावर हात ठेवून.

लखीरामचा चेहरा मी पाहिला. "मी एवढं नोतं सांगतलं," तो पुटपुटला.

धावजी नायकानं मॅडमना शाल दिली, नारळ दिला, खुर्चीवर बसवलं. मग म्हणाला, "घ्या मॅडम, एकेक करून पाहा. सगळे गरीब लोक आहेत, कोणी घाई करणार नाही."

मॅडम उभ्या राहिल्या. "दादा, मी रुग्ण तपासत नाही. मी शिकवणारी डॉक्टर आहे."

"शिकवता, म्हणजे तुमाले तर जास्तच येत असन ना!" धावजी म्हणाला आणि सगळे मोकळेपणानं हसले. मॅडमही हसल्या. मग त्यांनी परत समजावलं, की त्या रक्तातल्या रसायनांचं शिकवत होत्या, स्टेथोस्कोप लावून तीस वर्षं झाली, आता चुकीचं काही सांगितलं तर लोकांचंच नुकसान होईल. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. उठलं मात्र कोणी नाही.

मोतीबाईनं डोळ्यावरचा हात काढला. "बाई, तुमी ज्याईले शिकवलं, थे कुठी आहेत?"

"खूप ठिकाणी आहेत, आजी. दिल्लीत, मुंबईत. बरेच बाहेरच्या देशांत."

"मंग त्यातला एखादा धाडा ना इकडं."

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच मागितलं होतं, जसं शेजारणीकडे विरजण मागावं. मोतीबाई उत्तराची वाट बघत राहिली.

शेवटी मॅडमनी तिचा हात हातात घेतला, डोळा बघितला आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू असावा. इथल्या हॉस्पिटलात दाखवा."

"दाखवला. थे म्हणतात, डोळ्याचा डॉक्टर सोडून गेला."

नंतर आम्ही लखीरामच्या घरी गेलो. जमनाबाईनं चहा आणला. पाहुण्याला एकट्यानं चहा प्यायला लावायचा नाही म्हणून तिनंही एक कप घेतला, ओठाला लावला आणि न पिता खाली ठेवला. तिचं पाणी मोजून असतं. मॅडमच्या ते लक्षात आलं. तिच्या मनगटाच्या वर, डायलिसिससाठी जोडलेली शीर फुगून आलेली होती. मॅडमनी तिथे दोन बोटं ठेवली आणि आतली थरथर बघत बसल्या.

"तुमी येणार ना बाई?" जमनाबाईनं विचारलं.

"चहा छान झालाय," मॅडम म्हणाल्या.

सकाळी पत्र आलं नाही. मॅडमनी कुलसचिवांना समोर बसवून नाही म्हटलं. मीही होते. कुलसचिवांनी बंगला देऊ म्हटलं, दिल्लीला महिन्यातून एकदा जाण्याची सोय करू म्हटलं. मॅडम मान हलवत राहिल्या. "इथे ज्याचा हात रुग्णाला लागतो असा माणूस आणा. मी आले तर रोज त्या सतरंजीसमोर बसावं लागेल, आणि माझ्याकडे द्यायला काही नसेल."

मी न राहवून बोलले. "मॅडम, आम्हाला तुमचा हात नकोय. तुम्ही आलात तर परवानगी मिळेल, डोळ्यांचा डॉक्टर नेमता येईल. तपासणारे नंतर येतीलच."

"ते तुला कळतं. त्या आजींना मी काय सांगू? थांबा, मी माणसं शोधतेय? माझ्या शब्दावर माझे विद्यार्थी इथे येतील असं वाटतं तुला? रात्री चौघांना फोन केले मी." चौघांनी काय सांगितलं ते विचारायची गरज नव्हती.

त्या वाईट नव्हत्या. आधीचे तिघे तांड्याला न भेटताच गेले होते, या भेटून गेल्या, एवढाच फरक. खरं तर आम्हाला याच हव्या होत्या. हे मी अजून चार प्रकारे सांगितलं असतं, पण कुलसचिवांनी हातानं थांबवलं.

नागपूरला जाताना मॅडम मागे, मी पुढे. आर्णी गेलं, यवतमाळ गेलं. कळंबच्या पुढे मॅडमना झोप लागली तेव्हा लखीरामनं माझ्याकडे न बघता विचारलं, "माह्याच्यानं झालं काय, ताई?"

"नाही."

"खोटं काहून बोलता?" त्यानं एका ट्रकला पुढे जाऊ दिलं. "नायकाले नसतं सांगतलं, तर अपमान झाला असता. सांगतलं, तर हे झालं. मंग करायचं काय होतं माणसानं?"

मशीन बिघडली तर मी सर्किट बघते, कुठला भाग गेला ते सापडतं. इथे प्रत्येकानं आपापलं नीटच केलं होतं.

विमानतळावर लखीरामनं बॅग काढून दिली. मॅडमनी पर्समधून कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं. "यावर माझा नंबर आहे. जमनाबाईंसाठी काहीही लागलं तर फोन करा. कधीही."

लखीरामनं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घेतात तसं. मग तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघून म्हणाला, "मॅडम, लागत तर तुमीच होते. फोन करून आता दुसरं काय मांगू?"

मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. मागून गाड्यांची रांग लागली होती, शिपायानं शिट्टी मारून पुढे व्हायला सांगितलं. लखीरामनं मॅडमना हात जोडले, गाडीत बसला आणि मला म्हणाला, "चला ताई, लवकर निघू. उद्या जमनाची डायलिसिसची पाळी आहे, पह्याटची गाडी धरा लागते."