चौकटीतलं वाक्य

ही बातमी मी कुठेच दिलेली नाही. डेस्कला नाही, घरी नाही, ज्यांच्यासमोर शपथ घेऊन बसलो होतो त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते नीट सांगता येणार नाही. बातमीत 'का' आलंच पाहिजे, असं आम्हाला शिकवलेलं असतं. इथे ते मलाच सापडलेलं नाही.

मी बालाघाटला राहतो. राज्याच्या सीमेपलीकडून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाला इथल्या बातम्या पाठवतो. आमच्या वाट्याला अर्धं पान येतं. जाहिरात आली की तेही जातं. बिरसा गावाच्या पुढे, जंगलात, एक दवाखाना आहे. तिथे सिस्टर मार्था होत्या. तरुणपणी केरळातून आलेल्या कॅथलिक नन. मग जन्मभर तिथेच. लोक त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. आता त्यांना संतपद मिळावं म्हणून चर्चची चौकशी चालू आहे. ती पद्धत लांबलचक आहे — साक्षी, कागद, रोम, पुन्हा कागद. लोक तेवढं थांबलेले नाहीत. त्यांच्या कबरीवर मेणबत्त्याही लागतात आणि नारळही फुटतात.

त्या कबरीच्या दगडावर एक वाक्य कोरलं आहे. मला त्या वाक्याबद्दल सांगायचं आहे. पण आधी सिस्टर —

त्यांच्या झग्याच्या एका खिशात थर्मामीटर असायचा, दुसऱ्यात जपमाळ. हिवतापाचे दिवस आले की सकाळपासून बोटं टोचून काचपट्ट्यांवर रक्त घेत बसायच्या. धर्माचं कधी बोलायच्या नाहीत. मात्र रोज चार वाजता दार लावून घ्यायच्या, पंधरा मिनिटं, बाहेर कितीही रांग असो. एकदा मी विचारलं, आत देवाला काय मागता? त्या हिंदीत म्हणाल्या, मागत नाही, बसते. कधी वाटतं समोर कोणी आहे. पुष्कळदा वाटत नाही. तरी रोज चार वाजतात.

मी ते वहीत उतरवलं. छापलं नाही. काय मथळा देणार होतो? 'सिस्टरांना देव दिसत नाही'? आणि हे श्रद्धा असण्याबद्दल होतं की नसण्याबद्दल, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. आजही — नाही.

दवाखान्यात स्वयंपाकाला कुंताबाई होती. रामपायलीकडची, विधवा. पायाची चिघळलेली जखम घेऊन आली होती. पाय बरा झाला आणि ती तिथेच राहिली. ख्रिस्ती झाली नाही. सिस्टरांनी कधी तसं म्हटलंही नाही. शेवटच्या आजारात सिस्टरांचं सगळं तिनेच केलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मोठं माणूस अंथरुणाला खिळलं की मृत्यूचा मजकूर आधीच लिहून ठेवायचा. जन्म, काम, गुण — सगळं तयार. दिवस आणि वेळ तेवढी भरायची. सिस्टरांचा मजकूर माझ्याकडे पंधरा दिवस तयार होता. त्या गेल्या तेव्हा मी कुठे होतो? दवाखान्यापासून दोनशे पावलांवर, रस्त्याकडेच्या सागाखाली. फोनला रेंज तिथेच मिळते. दुपारची वेळ होती. कोणीतरी हाक मारली, मी आत गेलो. कुंताबाई सिस्टरांचा हात धरून बसली होती. सगळं संपलं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि परत सागाखाली आलो.

डेस्कवरचा उपसंपादक फोनवर म्हणाला, "मजकूर मस्त आहे भाऊ. शेवटचे शब्द काय होते? चौकट करतो." मी म्हणालो, विचारून सांगतो. तो म्हणाला, "आता कोणाले विचारता, सिस्टरले? एवढी मोठी बाई अन् काहीच बोलली नसन का? पाच मिनिटांत द्या, नाहीतर चौकटीत बियाण्याची जाहिरात टाकतो."

दोनशे पावलं. जाऊन विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. सागाला टेकून मोबाईलवर लिहिलं: 'रडू नका. मी घरी जात आहे. प्रभू दारात उभा आहे.'

हे कबूल करायला मला एवढा वेळ लागला, आणि तरी हा माझा गुन्हा नाही. म्हणजे — आहे, पण हा धाकटा. बातमीदार चौकट भरतात. मी ते पोटात ठेवून राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरांनी ते वाक्य उचललं. मग प्रार्थनेच्या छापील कार्डावर आलं. मग दगडावर. मी दगड बसवण्याच्या कार्यक्रमाचीही बातमी दिली.

काही वर्षांनी चौकशी सुरू झाली. बिशपांनी नेमलेले फादर आले. एकाकडे प्रश्न विचारायचं काम, दुसऱ्याकडे शंका काढायचं, तिसऱ्याकडे टाइप करायचं. साक्षीदारांत मी होतो, कुंताबाई होती. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, तिचा नंबर माझ्या आधी. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "भाऊ, एक विचारू? सिस्टर तं त्या दगडावरल्यासारखं काही बोलल्याच नाही. मले म्हणे, कुंता, हात सोडू नको, मले भेव लागते. बस, एवढंच. तुमी तं बाहेर, झाडाखाली होते ना? मंग तुमाले कसं ऐकू आलं?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

इथे थांबावंसं वाटतं. तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, हे विचारणार नाही. मी काय केलं ते असं. मी हसलो. तिच्याच बोलीत म्हणालो, "कुंताबाई, तू रडून रडून अर्धी झालती तवा. तुले ध्यानात नसन राह्यलं. अन् संत माणसाले भेव लागते का कधी? आत असं सांगशीन तं लोक तुलेच येडी म्हणतीन. आठवत नाही म्हण, सोपं पडते."

ती बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत होती. मग म्हणाली, "हौ भाऊ. तसंच असन. तुमी शिकलेले." आणि आत गेली. पाच मिनिटांत बाहेर आली. तिने काय सांगितलं हे मला नंतर कळलं. दुपारचं काही आठवत नाही, असं.

माझी पाळी आली. शंका काढणाऱ्या फादरांनी एकच गोष्ट दोनदा विचारली — तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं? मी दोन्ही वेळा हो म्हणालो. कागदावर सही केली.

बाहेर चहा घेताना तेच फादर सहज म्हणाले, "मला या अशा सुबक वाक्यांची भीतीच वाटते. क्रूसावर येशूही एकटा पडला होता. भीती वाटली आणि तरी देवाचा, माणसाचा हात सोडला नाही, असं कोणी सांगितलं असतं तर मी जास्त मनापासून लिहून घेतलं असतं." माझ्या हातात कप होता. कुंताबाई चार हात अंतरावर बशा गोळा करत होती. तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, चहा छान आहे.

तेव्हापासून माझा हिशेबच लागत नाही. सिस्टर भ्याल्या, हे खरं. मग चार वाजताच्या त्या बंद दारामागे काय होतं? समोर कोणी नाही असं वाटत असूनही रोज बसणं, आणि शेवटी कुंताबाईचा हात — यालाच श्रद्धा म्हणायचं का? की मी वाक्य बनवून त्यांना वाचवलं? कोणापासून? मला देवाबद्दल काही ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या खोलीत एकच साक्षीदार होती, आणि तिची साक्ष मी बाकावर बसून पुसली.

मागच्या महिन्यात दवाखान्यात गेलो होतो. गोंदियाकडून बायकांची एक गाडी आली होती. कुंताबाई आता म्हातारी झाली आहे. आलेल्यांना कबर तीच दाखवते. कोणीतरी विचारलं, आजी, तुम्ही होत्या ना जवळ, काय म्हणाल्या सिस्टर? तिने उजव्या हाताची मूठ हलकेच मिटली, जशी कोणाचा तरी हात धरावा तशी. डोळे मिटून, एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "रडू नका. मी घरी जात आहे. प्रभू दारात उभा आहे." पुस्तकी मराठीत. अशी ती कधीच बोलत नाही. एक बाई रडायला लागली.

मग कुंताबाईने डोळे उघडले आणि गर्दीत मला शोधलं.

"बराबर सांगतलं ना, भाऊ?"

मी म्हणालो, "हौ."