खिडकीजवळची सीट

"मंजू, अगं, हे उठतच नाहीयेत…" लीड्सहून मीनलवहिनीचा फोन आला तेव्हा मी इथे लेस्टरला पोळ्या लाटत होते. दादा ड्राइव्हवेवरच्या नुकत्याच घेतलेल्या कॅरव्हॅनमध्ये जाऊन बसला होता आणि ती त्याला चहाला बोलवायला गेली होती. कुठल्या सीटवर, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

दीड महिना झाला त्याला. माझा दादा महाचिकित्सक, चार वांगी घ्यायला चाळीस उलटीपालटी करणारा. रिटायर झाल्यावर मोटारीमागे जोडून सहलीला न्यायची पहिलीवहिली कॅरव्हॅन घ्यायची ठरली, तर सात महिने नुसती यार्डं हिंडला. वीकेंडला मलाही ओढून न्यायचा. आत शिरला की कोपरे हुंगायचा. "ओल आधी नाकाला कळते, मंजे!" सेल्समन बिचारे बघत राहायचे. शेवटी बघितली ती सेकंडहँड होती. टेकूचे पाय खाली सोडलेले नव्हते, त्यामुळे कुणी चढलं-उतरलं की अख्खी गाडी डुलायची. दादा खिडकीजवळच्या सीटवर बसला आणि उठेचना. अर्धा तास! माझ्या पायांचे तुकडे पडले होते. वैतागून म्हटलं, "बस मग इथेच कायमचा!"

त्याचा चेहरा उतरला. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, ही आमच्या आईची शिकवण. साठी उलटली तरी तो ती पाळायचा. "असं म्हणू नये गं," तो हळूच म्हणाला. मी फिदीफिदी हसले. "चाकं असलेल्या घराला कसली आलीय वास्तू?"

घेतली त्याने तीच. आणि व्हिट्बीच्या पहिल्या ट्रिपला दोन दिवस असताना, त्याच सीटवर… डॉक्टर म्हणाले, हार्ट. पटतं मला. पण मेली जीभ माझी होती ना!

आता वहिनीने ती विकायला काढलीय. तीन कुटुंबं बघून गेली. सगळीकडे बसली, त्या सीटवर कुणीच बसलं नाही. "मी कुणाला काही सांगितलं नव्हतं गं," वहिनी म्हणाली. गेल्या शनिवारी पडदे काढायला मी आत गेले. भर दुपार, लख्ख ऊन. त्या सीटची गादी दबलेली होती. मी ती थोपटून सारखी केली, एक पडदा उतरवला, वळून बघते तर पुन्हा तशीच. सर्रकन काटा आला अंगावर. पळून जावंसं वाटलं… पण भाऊ होता माझा.

"चुकले रे दादा," मी मोठ्याने म्हटलं. "तसं नव्हतं म्हणायचं मला. ऊठ आता. घरात चल."

मी जागची हललेही नव्हते. गाडी मात्र डुलली, एकदाच, दाराच्या बाजूला. गादी हळूहळू वर आली.

तेवढ्यात घरातून वहिनीची हाक आली, चहा झालाय म्हणून. मी दार उघडं धरून दोन मिनिटं तशीच उभी राहिले. त्याला आधी जाऊ दिलं.